तीजेची सुट्टी

हे मी आजवर कोणालेच नाही सांगितलं. घरच्या बाईलेही नाही. तुले सांगून राहिलो — काहून, ते मलेच समजत नाही.

मी इतवारीतल्या हमालांचा पुढारी. बाप कोष्टी. हातमाग विकला, गाव सोडलं अन् इथं हातगाडी ओढली त्यानं. म्हणून गाव सोडलेल्या मजुराचं दुःख मले कळते, असं मी भाषणात ठोकत असतो. टाळ्या भेटतात गा!

नंदनवनात एका बांधकामावर छत्तीसगडच्या बाया होत्या. ठेकेदार त्याइले टिनाच्या कंपाउंडात ठेवे. फाटकाले कुलूप. सुट्टी मागितली का शिव्या. तिथं सिमेंट उतरवणारे माझे हमाल, इथले गवंडी अन् त्या बाया — सगळ्यांची मिळून समिती मीच उभी केली. तेव्हा मनापासून केली, खोटं कायले बोलू?

त्यात एक सुखबती. त्यांच्याकडे तीजेच्या सणाले लग्न झालेली पोरगी माहेरी जाते, भाऊ तिले न्याले येते. हिले भाऊ नव्हता. गावी फक्त माय, ते पण अंथरुणाले खिळलेली. "भैया, इस बार तुम छुड़ा दो," म्हणाली. मी म्हटलं, सोडवतो. समितीची पहिली मागणी तेच ठेवली — कुलूप काढा, तीजेले सुट्टी द्या.

अन् मग? कामगार ऑफिसातल्या साहेबासंग बैठक ठरली. तिच्या आदल्या दिवशी गवंडी अडून बसले. बाहेरच्या बाया आमच्या संग बसतीन तर आम्ही नाही येत. हमालही कुजबुजाले लागले. मी म्हटलं मनात, आधी एकी टिकू दे, बायांचं मागून पाहू... नाही, हेही खोटं. सगळे उठून गेले असते तर मी कोणाचा अध्यक्ष राहिलो असतो? मले ते खुर्ची पाहिजे होती, बस.

सुखबतीले मी निरोप धाडला — साहेबानं बैठक रद्द केली.

दुसऱ्या दिवशी सदरच्या त्या ऑफिसात साहेबानं पहिले हेच विचारलं, छत्तीसगडच्या बाया कुठं आहेत? "साहेब, त्या भितात. त्याइलेच यायचं नाही." किती सहज निघालं तोंडातून! त्यांची मागणी तिथंच बाजूले पडली. आमच्या लोकांची मजुरी वाढली. मले हार घातला, मी फोटो काढून घेतला. लाज? तेव्हा तर नाही वाटली.

तीज आली, गेली. फाटक बंदच. दिवाळीच्या आधी सुखबतीची माय गेली, लेकीचं तोंड न पाहता.

बांधकाम आटोपून फाटक उघडल्यावर ते मले भेटली. रडली नाही. "अब तीजा में किसके घर जाऊँ, भैया?" एवढंच विचारलं. मग साहेबाले शिव्या घातल्या तिनं, त्यानंच बैठक मोडली म्हणून.

मीही घातल्या. तिच्याहून मोठ्यानं.