अव्वाला दाखवलेली ओळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. नांदेडला तीस वर्षं मास्तरकी केली, हजारो पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं – आणि हे मात्र पोटात तसंच राहिलं. तुम्ही माझे कोण? पण तुमच्याशी बोलायला सोपं जातंय, एवढं खरं.

आधी अव्वाबद्दल सांगू द्या.

लातूरला गंजाच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत नीलव्वाचं किराणा दुकान होतं. नवरा लवकर गेला, तेव्हापासून गादीवर तीच बसायची. कपाळाला विभूती, डोक्यावरून इरकली पदर. दुकानात शिरलं की गुळाचा आणि ओल्या गोणपाटाचा वास यायचा. अजून कुठल्या बाजारात तो वास आला तर माझे पाय थांबतात. माझे वडील गंजात हमाल. घरात अक्षर ओळखणारं कुणी नव्हतं. शाळा सुटली की मी अव्वाच्या ओट्यावर बसून अभ्यास करायचो आणि ती विचारल्याशिवाय भाकरी-पिठलं पुढं सरकवायची. "खा की रे. उपाशी पोटी उर्दू चढंल का डोस्क्यात?" तिला सगळे अव्वाच म्हणत. तिचं नाव गल्लीत किती जणांना ठाऊक असेल?

शाळेत तेव्हा सगळं उर्दूतून. कचेरीत उर्दू, पाटीवर उर्दू. मी मॅट्रिक झालो आणि अक्षर चांगलं म्हणून मला गावच्या कमिटीच्या निवडणुकीसाठी मतदारांची फेहरिस्त लिहायचं काम मिळालं – फेहरिस्त म्हणजे यादी. निजामाच्या राजवटीचे ते शेवटचे दिवस. मत सगळ्यांना नव्हतंच. ज्याच्या नावावर गावात घर, त्याला. बाईला द्यायचं नाही असं मला दिलेल्या कागदावर कुठंच नव्हतं. पण घरं पुरुषांच्या नावावर, त्यामुळे प्रश्नच येत नसे.

अव्वाचं घर अव्वाच्या नावावर होतं.

मी उत्साहानं तिला हे सांगायला गेलो. मीच गेलो – हे मला विसरता येत नाही. ती आधी हसली. "मला रे? मत?" मग दुकानात गिऱ्हाईक नाही हे बघून, लाजत, पदर सावरत तिनं आपलं पूर्ण नाव सांगितलं. त्यात नवऱ्याचं नाव आलं तेव्हा आवाज इतका उतरला की मला पुढं वाकावं लागलं. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, गेलेल्याचं तर नाहीच. मतासाठी तिनं ते घेतलं. मी कच्च्या कागदावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिचे दीर बसप्पा मला वाटेत भेटले. मोठे आडते, चार लोकांत वजन. रागावले नाहीत. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आमच्या घरची बाई कमिटीच्या चावडीवर? लोक तोंडात शेण घालतील, लेकरा. तू हुशार हाईस. तुला हैदराबादला शिकायला जायचंय न्हवं? बोर्डिंगची चिठ्ठी मीच देणार हाय."

एवढंच. धमकी नव्हती. मी नाही म्हणालो असतो तर? त्यांनी चिठ्ठी दिलीच नसती का? कुणाला ठाऊक. मी विचारून पाहिलंच नाही. पक्की फेहरिस्त लिहिताना तिच्या घरापाशी आलो – आणि पुढच्या घराकडे गेलो.

पण पोटात राहिलं ते एवढंच नव्हे. घाबरून गाळलं, इतकंच असतं तर कदाचित मी कधीतरी बोललो असतो.

फेहरिस्त कचेरीत द्यायच्या आदल्या दिवशी अव्वानं मला हाक मारली. "माझं नाव दाखव की. कसं दिसतंय बघू." तिला मराठी वाचता येत नव्हतं, तिथं उर्दू कुठलं. मी कागद उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ, अव्वा."

ती ओळ बसप्पांची होती.

तिनं पदराला हात पुसला आणि त्या ओळीवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे. मी म्हणालो, "उलटं, अव्वा. उर्दू उजवीकडनं वाचतात." कुठून वाचायचं तेवढं खरं सांगितलं मी. तिनं पुन्हा उजवीकडून बोट फिरवलं, हसली, आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी खाल्ला.

मताच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. सगळ्या पुरुषांत एकटी. मुन्शीनं फेहरिस्त वरून खाली पाहिली, पुन्हा पाहिली, मान हलवली. मागून कुणीतरी म्हणालं, "आता भाकऱ्या आम्ही थापाव्या काय, अव्वा?" लोक हसले. ती ताठ उभी राहून म्हणाली, "नाव हाय. पोरानं लिवलंय, म्या बोट लावून बघितलंय." मी दहा हातांवर उभा होतो. ती माझ्याकडे बघत होती. मी चपलेचा अंगठा नीट करत खाली वाकलो.

परतताना तीच मला समजावत होती. "तू कशाला तोंड पाडतूस? तू लिवलंस. वरच्यांनी खोडलं आसंल."

चिठ्ठी मिळाली. मी हैदराबादला गेलो, पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिला.

निजाम गेला. काही वर्षांनी सगळ्यांना मत आलं, बायांनाही. मी सुट्टी काढून लातूरला आलो होतो. शाळेच्या भिंतीवर यादी लावलेली, आता मराठीत. अव्वाचं नाव शोधायला मी पुढं झालो तर ती म्हणाली, "थांब. माझं म्या बघते." मधल्या काळात शेजारच्या पोरीकडून ती अक्षरं शिकली होती. मला कुणी बोललं नव्हतं. एकेक ओळीखाली बोट नेत, ओठ हलवत, ती खाली आली. थांबली. "हितं हाय." माझ्याकडे न बघता ती मत द्यायला आत गेली. मी बाहेर तिची छत्री धरून उभा राहिलो.

तिला कळलं होतं का? मी विचारलं नाही. त्यानंतर बरीच वर्षं ती होती. दर सुट्टीत मी त्या ओट्यावर बसायचो, ती भाकरी पुढं सरकवायची आणि मी जेवायचो.