कानबाईसाठी दिलेला हिरवा

"अक्का, यंदा कानबाईच्या आधी घराला रंग देऊन टाकू. आणि रंग तुझ्या मनासारखा. मी मध्ये बोलणार नाही," असं माझा धाकटा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, तेव्हा मी मशीनवर बसले होते आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही उलटी जोडून मोकळी झाले. इतका आनंद झाला होता मला. बाही उसवताना एकटीच हसत होते.

त्या आनंदाचं कारण रंग नव्हतं, ते आधी सांगते.

धुळ्यात देवपुरातलं हे घर वडिलांनी बांधलेलं. लग्न करून मी जळगावला गेले, तिथला संसार मोडला आणि एक सुटकेस व शिलाई मशीन घेऊन परत इथेच आले. तेव्हापासून मी इथेच आहे. ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, शेवटी शेवटी आईचं सगळं केलं. आई गेल्या वर्षी गेली. वडिलांच्या मागे घर कागदोपत्री आम्हा दोघा भावंडांचं. पण कागदाला कोण विचारतं? आमच्याकडे कोण घरचं आणि कोण बाहेरचं, ते कानबाईच्या रोटावर ठरतं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची कानबाई देवी बसते. खान्देशात दिवाळीला रंग नाही दिला तरी कोणी काही म्हणत नाही, पण कानबाईला घर उजळावंच लागतं. तिच्या रोटासाठी आदल्या दिवशी घरातल्या एकेकाच्या नावाने मूठ मूठ गहू मोजतात. त्याच पिठाच्या पोळ्या होतात, आणि त्या फक्त भाऊबंदांनी एका पंगतीत बसून खायच्या. बाहेरच्याला कणभर द्यायचं नाही. आणि लग्न होऊन गेलेली लेकही बाहेरचीच, तिचं कूळ बदललं म्हणून. मी परत आले त्या वर्षी आईने माझ्या नावाची मूठ टाकली. शेजारी राहणारे काका, वडिलांचे सख्खे भाऊ, म्हणाले, "वहिनी, अशी रीत नही शे." आई म्हणाली, "जिला सासर उरलं नाही तिने कोणाच्या पंगतीत बसायचं, ते मला सांगा भाऊजी." मग दरवर्षी मी पंगतीत बसत आले.

आई गेली त्या वर्षी कानबाई बसवली नाही. आता यंदा बसणार, आणि माझी मूठ कोण टाकणार, या एका विचाराने आषाढभर माझं डोकं पोखरलं होतं. विचारायची सोय नाही. आपली मूठ टाका म्हणून आपणच कसं सांगायचं? अशात भावाचा फोन आला. ज्या घराचा रंग मी ठरवणार त्या घरात माझी मूठ कोण नाकारेल, असं वाटलं मला. हरभऱ्याच्या झाडावर चढवलं त्याने आणि मी चढले, सरसर चढले.

रंग आणायला वहिनीला बरोबर घेतलं. वहिनी म्हणजे काकांची सून, आमची भिंतीला भिंत. नात्याने वहिनी, पण आमचं अगं-तुगंच. जळगावहून आले तेव्हा महिनाभर मी कोणाशी बोलत नव्हते. ही रोज दुपारी चहा घेऊन यायची, काही न विचारता बसायची आणि कप विसळून जायची. तिच्या मुलीचे सगळे फ्रॉक मी शिवले. माझ्या पोटातलं एकही गुपित तिला माहीत नाही असं नव्हतं. असं माणूस.

आग्रा रोडवरच्या दुकानात शेडकार्ड उघडलं आणि मी थेट हिरव्यावर गेले. आमच्या भिंती वर्षानुवर्षं गुलाबी होत्या, दातांच्या मंजनासारख्या. मला त्या गुलाबीचा भयंकर राग होता. मला हवा होता गर्द मेंदीचा हिरवा, चांगला ठसठशीत.

"एवढा गडद?" वहिनी म्हणाली. "फिका घे ना अक्का. फिका सगळ्यांना चालतो."

"सगळ्यांना कशाला चालायला पाहिजे? राहायचं मला आहे."

ती हसली आणि कार्डाचं पान तिनेच उलटलं.

आणि त्या पानावर तो होता. हिरवा, पण ओरडणारा नाही. त्यात राखेचा अंश. धुऊन धुऊन मऊ झालेल्या हिरव्या सुती साडीचा असतो ना, तसा. जन्मभर मॅचिंगची रिळं धुंडाळतेय मी. पोपटी, पिस्ता, शेवाळी, बॉटल ग्रीन, सगळे बोटाखालून गेलेत, पण असं रीळ मला कधी मिळालं नाही. कार्डावर त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं. मी म्हटलं, "हाच." वहिनी म्हणाली, "बघ, म्हणत नव्हते मी?" गर्द मेंदी मी तिथल्या तिथे विसरले. खोटं कशाला बोलू, तो रंग मला मनापासून आवडला.

रंगारी आले, गुलाबी खरवडली, पुट्टी भरली. पहिला हात मारला तेव्हा ओल्या सिमेंटवर शेवाळ आल्यासारखं दिसत होतं. रंगारी म्हणाला, "ताई, सुकू द्या, मग बोला." सुकला, दुसरा हात झाला, आणि सकाळी खिडकीतून ऊन आलं तेव्हा मी खोलीच्या मधोमध नुसती उभी राहिले. भाजीवाली दारात ओरडून ओरडून निघून गेली. जाऊ दे मेली, म्हटलं, आज पिठलं करीन.

भाऊ रोज फोन करायचा. एरवी महिन्यात एकदा करणारा माणूस. "अक्का, फोटो पाठव. सकाळच्या उजेडात काढ. सगळ्या खोल्यांचे काढ, गच्चीचा पण. आणि ते मशीन जरा बाजूला सरकव गं, कपड्यांचे ढीग दिसू देऊ नकोस." मला वाटलं, पोराला घराची किती ओढ आहे! मी माझं मशीन ढकलत ढकलत पडद्याआड नेलं आणि फोटो काढले. शेजारी जाऊन वहिनीलाही दाखवले. ती म्हणाली, "छान आलेत." तेवढंच म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

शनिवारी भाऊ एकटाच आला, भावजयीला सुट्टी नव्हती म्हणे. दुपारी रोटाचे गहू मोजायला वहिनी बसली. मी मुद्दाम माळ्यावरची भांडी काढायला गेले. माझी मूठ पडताना बघायची हौस होती, पण नाही पडली तर ते बघायची हिंमत नव्हती.

रविवारी कानबाई बसली. माझ्या त्या हिरव्या भिंतीपुढे तिचा चौरंग, नारळाला नथ, मागे केवड्याची पानं. काय सांगू किती देखणी दिसत होती! भाऊबंद जमले, बायका गाणी म्हणायला लागल्या आणि जो येईल तो आधी भिंतीकडे बघत होता. काका म्हणाले, "घर बेस दिखी ऱ्हायनं, अक्का." चुलतभाऊ म्हणाला, रंगाची निवड झकास. मी नुसती पदराने वारा घेत फिरत होते, नवरीची आई असल्यासारखी.

मग भावाबरोबर एक जोडपं आलं. नवरा नरडाण्याच्या एमआयडीसीत नोकरीला. दर्शनाला कोणीही येतं, म्हणून मी चहा केला. त्या बाईने हात जोडले, कुंकू लावून घेतलं आणि उठताना भिंतीवर बोटांनी टकटक केलं.

"पावसाळ्यात ओल येते का हो इथे?" तिने मला विचारलं.

"नाही. का बरं?"

"नाही, विचारून ठेवलेलं बरं. फोटोत रंग जरा गडद वाटला होता. पण छान आहे, बदलायची गरज नाही पडणार."

"कोणते फोटो?"

तिने सरळ मनाने फोन पुढे केला. तिचा काय दोष? फोनवर माझं घर होतं. माझी खिडकी, माझी गच्ची, आणि एका फोटोच्या कोपऱ्यात भिंगावर आलेलं माझंच बोट. वर लिहिलं होतं, विकणे आहे, नुकताच रंग दिलेला.

मी चहाचे कप उचलले आणि आत गेले. भाऊ मागोमाग आला.

"अक्का, तू आधी ऐकून घे."

"बोल ना. ऐकायलाच उभी आहे."

"एवढ्या घरात तू एकटी काय करणार? पुण्याला ये माझ्याकडे. कानबाई झाली की शांतपणे सांगणारच होतो. सणात वाद नको म्हणून..."

"आणि रंग?"

"रंग दिला की घर लवकर जातं गं. आणि म्हटलं, तुझीही हौस होईल."

माझी हौस! तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "मेल्या, माझ्या हातून माझंच घर सजवून घेतलंस बाजारात मांडायला? आणि वर हौस म्हणतोस?" आवाज बाहेर गेला. गाणी थांबली. काका दारात आले आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी विचारलं, "तुले कोनी सांगं नही का?"

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मी चुलतभावाकडे पाहिलं, तो खाली बघायला लागला. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. भिंतीचं कौतुक करणारं एकेक तोंड. आणि मग वहिनी दिसली, ओट्याशी, पुरणाच्या पातेल्याला चिकटून उभी, आणि तिच्या डोळ्यांत पाणी. तेव्हा मला सगळं कळलं. फिका सगळ्यांना चालतो! गिऱ्हाइकाला चालेल असा रंग तिने माझ्या हातात दिला होता आणि मी त्याला माझ्या मनासारखा म्हणत होते. भावाचा राग आला, पण तो भांडून निघण्यासारखा राग होता. हिने मात्र केसाने गळा कापला.

"आमच्या यांनी शपथ घातली होती, अक्का," ती पुटपुटली.

नैवेद्य झाला, पानं मांडली. भाऊबंद बसले आणि शेवटच्या पानावर मी जाऊन बसले, दरवर्षी बसते तिथे. वहिनी वाढत होती. काकांना वाढलं, चुलतभावाला, माझ्या भावाला. माझ्यापाशी आली आणि पोळी हातात धरून थांबली.

"वाढ," मी म्हटलं.

ती वाकली आणि अगदी कानाशी म्हणाली, "मूठ टाकलेली नाही गं तुझी."

सगळ्यांना ऐकू जाईल असं मी विचारलं, "सही माझी लागणार ना घर विकायला? तेव्हा मी या घरची लेक. आणि रोटाला बसले की परक्या कुळाची? एकदाचं ठरवा तरी." काका पानाकडे बघत राहिले. भाऊ म्हणाला, "अक्का, तमाशा नको गं." कोणी वहिनीला वाढ म्हणालं नाही, आणि ती आपणहून वाढेल म्हणून मी वाट बघत राहिले. खरंच वाट बघत राहिले. तिने पोळी परत ताटात ठेवली आणि ती पुढे गेली.

मी उठले. पानावर मीठ आणि लिंबाची फोड होती, ते पान मीच उचललं.

सोमवारी कानबाई उठली. सगळे तिला घेऊन वाजतगाजत पांझरा नदीकडे गेले, मी घरातच थांबले. परत आल्यावर भावाने विषय काढला. मी म्हटलं, "सही देणार नाही. काय करायचं ते कर." तो बराच बोलला, वडिलांना मध्ये आणलं, आईला आणलं, आणि पाणीसुद्धा न पिता पुण्याच्या गाडीला गेला.

तो गेल्यावर मागचं दार वाजलं. वहिनी होती. पदराखाली ताट, त्यावर दुसरं ताट उपडं घातलेलं.

"रोटाची पोळी आहे," ती म्हणाली. "खाऊन घे पटकन. कोणी बघत नाहीये."

भूक होती मला, कालपासून पोटात धड काही नव्हतं. ती मनापासून आली होती, ते नाटक नव्हतं, तेही मला कळत होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "काल पंगतीत, सगळ्यांच्या देखत, हीच एक पोळी माझ्या पानात वाढली असतीस ना, तर मी सहीसुद्धा देऊन टाकली असती."