केळव्याला दहा वाजता

सहल ठरली की आमचे कागदवाले भाऊ आदल्या रविवारी एकटेच तिथं जाऊन यायचे. घाटकोपरच्या आमच्या चाळीतून वर्षाला दोन सहली निघायच्या, दोन्ही त्यांनीच आखलेल्या. पाणी गोड आहे का, बायकांची सोय कुठं, सावली किती वाजेपर्यंत टिकते, सगळं बघायचे. मग जिन्यापाशी कागद लागायचा, किती वाजता कुठं त्याचा. मरोळच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, तेच वळण. "कागद सोडू नका, कोण हरवायचं नाय," म्हणायचे. आणि साडेसात लिहिलं की साडेसातला बस दारात.

फक्त त्यांची बायको कधी त्या बसमध्ये चढली नाही. सासू, म्हणजे भाऊंची आये, अंथरुणाला खिळलेली ना! वहिनी पन्नास माणसांच्या पुऱ्या लाटायच्या आणि गेटवरून हात हलवायच्या. भाऊ दरवेळी म्हणायचे, "पुढच्या वेळी तू." शेवटी शेजारच्या खोलीतून मीच जाऊन भांडले. "ही पुढची वेळ कधी उगवणार हो भाऊ? मी बसते आयेजवळ. वहिनी, तुम्ही गुपचूप बसमध्ये चढायचं."

तर केळव्याची सहल. पहाटे बस सुटली. मी कागदाची नक्कल घेऊन आयेच्या उशाशी. म्हातारीला चैन कुठली!

"आता खंय पोचली गो?"

"मनोरला, आये. चहा पितायत."

जरा वेळानं पुन्हा, "आणि आता?"

"दहा वाजले ना, समुद्रावर."

बोळकं पसरून हसली. "बरा झाला. भिजवंदे पाय." पाणी मागितलं, एक घोट घेतला, आणि मान माझ्या हातावर कलली.

डॉक्टर येऊन गेले. त्यांच्याकडे फोन होता, पण समुद्रावर लावायचा कुणाला? एकला जेवण, तीनला देऊळ, साडेचारला तिथून परत निघायचं. ती दोघं कुठं आहेत ते तासातासाचं माझ्या हातात लिहिलेलं, आणि मी नुसती वाचत बसलेली.

साडेसातला बस आली. वहिनी सगळ्यांच्या आधी उतरल्या, साडीचा काठ वाळूनं माखलेला, हातात विड्याची पानं. "आयेला कुटून देते," म्हणाल्या, आणि मग दारातली माणसं दिसली.

भाऊंनी एवढंच विचारलं, "किती वाजता?"

"दहाला."

त्यांनी जिन्यापाशी जाऊन कागद बघितला. "तेव्हा मीच हिला पाण्यात ओढत होतो," म्हणाले.

त्यानंतर कागद कधी लागला नाही. वहिनी अधूनमधून विचारायच्या, "खरंच म्हणाल्या का गं त्या, भिजवंदे म्हणून?" खरंच म्हणाल्या होत्या. भाऊंनाही मी कितीदा सांगितलं. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि मनगटावरचं घड्याळ बघायचे.