बाबांनी संशय घेणं सोडलं तेव्हा

मी जर्मनीला निघाले त्या दुपारी बजाजनगरच्या आमच्या घरासमोर मुंबईला जाणारी टॅक्सी उभी होती आणि बाबा तिचे चारही टायर दाबून बघत होते. ड्रायव्हर म्हणाला, "काका, गाडी नवीच हाय." बाबा म्हणाले, "म्हणूनच बघतोय." वाळूजच्या कारखान्यात त्यांचा जन्म पार्ट तपासण्यात गेला. जो जास्त चकचकीत दिसेल तो ते आधी बाजूला काढत, आणि माणसांनाही तोच नियम लावत. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो. मला रडू आवरेना, तर म्हणाले, "तिथं कुणी लई गोड बोललं तर दोन पावलं मागं सर."

ही शिकवण मी इमानेइतबारे पाळली. श्टुटगार्टला घरमालकीण केक घेऊन आली, तेव्हा हिला काय हवं असेल याचा मी दोन दिवस विचार करत होते. तिला काहीच नको होतं. तुमच्यापैकी जे असे निघून आलेत, त्यांना हे नवं नसेल.

रविवार मात्र आमचा होता. एकाच ओटीटी खात्यावर दोघांनी आठवडाभर तीच मालिका बघायची आणि रविवारी फोनवर तिची चिरफाड करायची. बाबांना खुनाच्या मालिका आवडत. पहिल्याच भागात निकाल लावून मोकळे: "तो डॉक्टर लई मदत करायलाय. त्यानंच केलंय." बहुतेक वेळा चुकत, पण एकदा बरोबर निघालं की महिनाभर ऐकवत. इथं तूरडाळ मिळते, कढीपत्ताही मिळतो. हे मिळत नाही.

यंदाच्या थंडीत बाबा बदलले. कशी वाटली मालिका, विचारलं की, "चांगली होती. तो पोलीस बिचारा लई भला." ज्यानं तीन माणसं मारली त्याच्याबद्दलही, "बिचारा, मजबुरी होती त्याची." बाबांच्या तोंडी बिचारा! मी खातं उघडून पाहिलं. त्यांच्या प्रोफाइलवर प्रत्येक मालिका दहा-बारा मिनिटांवर थांबलेली होती, आणि गोष्ट तर ते शेवटपर्यंत सांगत होते. म्हणजे कुणाकडून तरी ऐकत होते. खुन्यालाही बिचारा म्हणणारा आमच्या ओळखीत एकच माणूस, पडेगावचे रशीदचाचा. कारखान्यात बाबा ज्याला धारेवर धरत, त्याच्यासाठी रदबदली चाचा करत.

मी त्यांनाच फोन लावला. आधी त्यांनी बरीच टोलवाटोलवी केली. मग म्हणाले, "बेटी, उसको काचबिंदू है. बाजू का दिखताच नै, सामने का बी धुंदला. गई सो नजर वापस नै आती, बोले डॉक्टर. मैं घर पे देखता, फिर जाके उसको सुनाता. नै तो इतवार को तेरे से क्या बोलेगा वो?"

ज्या माणसानं सगळ्या जगावर संशय घ्यायला शिकवलं, त्यानंच मला कित्येक महिने फसवलं. राग त्यांचा आला की माझा, अजून सांगता येत नाही. रविवारी सरळ विचारलं.

"सांगितलं असतं तर नोकरी सोडून आली असतीस," बाबा म्हणाले.

"आले असते."

"मंग? म्हणूनच नाय सांगितलं."

उन्हाळ्यात मी जाणार आहे. तोवर डोळ्यांत थेंब घालायला चाचा येतात, आणि रविवारी मी मालिका लावून दिसेल ते फोनवर सांगते. बाबांना माझी पद्धत पटत नाही. "गोष्ट नको सांगू. हात कुठं हायेत त्याचे? दार लावलं का उघडंच ठेवलं?" त्यांचा संशय परत आलेला बघून माझा जीव भांड्यात पडला.

परवा एका प्रसंगात काही घडतच नव्हतं. मी सांगितलं, "एक बाई स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवतेय. घरात दुसरं कुणी नाही."

बाबा म्हणाले, "ती बाई का तू?"

इथं रोज कुणी ना कुणी विचारतं, कशी आहेस. मी छान म्हणते आणि माणसं पुढं निघून जातात. माझं घर आता तेवढंच उरलंय, जिथं हे 'छान' खपत नाही. मी हातातलं ताट ओट्यावर ठेवलं आणि बाबांना खरं काय ते सांगितलं.