किसनच्या दंडात सरकलेला गार्ड

शनिवारी ऑपरेशन नको म्हणणाऱ्या पेशंटला मी मुद्दाम शनिवारचीच वेळ द्यायचो... एवढं सांगितलं तरी माझा स्वभाव तुमच्या लक्षात येईल. मी हाडांचा डॉक्टर. नव्वदच्या दशकात संगमनेरला माझं छोटंसं हॉस्पिटल होतं. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जायचो. आणि तरीही हे लिहितोय, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर, भर सकाळी, ऑपरेशनच्या मोठ्या दिव्याखाली घडलं!

किसन अकोले तालुक्यातला. राजूर-भंडारदरा जीप चालवायचा. अपघातात डावा दंड मोडला, तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी गावी प्लेट बसवली होती. हाड जुळलं, पण जुन्या टाक्यांतून पू येऊ लागला. प्लेट काढणं भाग होतं.

"सायेब, दुखलं तर दुखू द्या," तो म्हणाला, "पन हात राखा. घाटात गिअर डाव्याच हातानं टाकावा लागतो."

त्याची भीती खरी होती. दंडाच्या हाडाला वळसा घालून एक नस जाते. तिला धक्का लागला की मनगट लुळं पडतं. त्यात प्लेटच्या स्क्रूंची डोकी झिजलेली असली तर प्लेट कापूनच काढावी लागते. फिरतं पातं तापतं, लोखंडाचा कीस उडतो. त्यापासून नस वाचवायला मी एक गार्ड बनवून घेतला होता — स्टीलचा वाकवलेला पत्रा, मोठ्या चमच्यासारखा. त्याचे दोन दात हाडाच्या कडेला रुतायचे आणि वरून क्लॅम्प आवळायचा. नगरच्या एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये स्वतः उभं राहून करवून घेतलेला. फार अभिमान होता मला त्याचा!

किसनला पूर्ण भूल दिली. जखम उघडली, तर सगळीकडे जुना पांढरा चिवट व्रण, दिसले त्या स्क्रूंची डोकी झिजलेली. नस दिसेना. पुस्तकाप्रमाणे ती प्लेटच्या वरच्या अर्ध्या भागाशी असायला हवी, म्हणून मी तिथे गार्ड बसवला, क्लॅम्प आवळला आणि त्याच्या खालच्या बाजूला पहिला काप घ्यायला पातं हातात घेतलं.

"सर, गार्ड खाली आलाय," रूथ सिस्टर म्हणाल्या.

बघतो तर खरंच. बोटभर खाली, कोपराकडे. आपलाच क्लॅम्प ढिला राहिला, असं समजून पुन्हा वर बसवला. पातं घ्यायला वळलो... पुन्हा खाली!

"सिस्टर, तुमचा हात लागतोय का?"

"सर, माझे दोन्ही हात हे बघा, वर आहेत."

आता मात्र चिडलो. तिसऱ्यांदा सगळं जोर लावून आवळलं आणि हात मागे घेऊन नुसता बघत उभा राहिलो. पातं बंद. कुणाचा स्पर्श नाही. आणि तो गार्ड — हाडावर दात खरवडत, कर्र... कर्र... — खाली सरकला आणि बरोबर त्याच जागी थांबला!

सिस्टरांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मी भूलतज्ज्ञ मॅडमना ओरडून विचारलं, "पेशंट हलतोय का?"

"शक्यच नाही. श्वाससुद्धा मीच देतेय त्याला."

का कोण जाणे, मी पातं खाली ठेवलं आणि गार्ड थांबला होता तिथला व्रण हळूहळू सोडवायला घेतला. आणि खाली ती दिसली — नस! चपटी झालेली, प्लेटला चिकटलेली. जिथे मी पहिला काप घेणार होतो, नेमकी तिथे! तिला अलगद बाजूला केलं, गार्ड मध्ये घातला, प्लेट कापून काढली. त्या वेळी गार्ड एक सूतभरही हलला नाही.

संध्याकाळी वॉर्डात गेलो. "किसन, मनगट उचल." त्याने उचललं. बोटं ताठ केली. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या बायकोसमोरच टाळी वाजवली!

किसन मात्र माझ्याकडे जरा रागानेच बघत होता.

"सायेब, तुमी तो पत्रा सारखा वर का नेत हुता?"

"कुठला पत्रा?"

"तो वाकडा, चमच्यावानी. मी खाली ढकलायचो, तुमी परत वर! गिअर अडकल्यावर कसा हात भरून येतो, तसा हात भरून आला माझा."

मी गार्ड त्याला कधीच दाखवला नव्हता. भूल उतरेपर्यंत तो धुऊन कपाटात गेला होता. आमचं बोलणं त्याने अर्धवट भुलीत ऐकलं असेल, असं मॅडम म्हणाल्या. असेल. पण 'चमचा' हा शब्द आमच्यापैकी कुणीच उच्चारला नव्हता... आणि ऐकण्याने स्टील सरकतं का?

नंतर प्लास्टिकच्या हाडावर तो गार्ड लावून, क्लॅम्प ढिला करून किती वेळा पाहिलं. ढिला केला की तो सरळ गळून पडतो. सरकत नाही. किसनलाही खोदून खोदून विचारलं, तर तो वैतागून म्हणाला, "आता मला काय ठावं सायेब? हात माझा हुता, मी राखला."