त्र्याण्णवावी पेशी

सासू आणि सून एका लॅबमध्ये असू नयेत, हे मी लग्नाआधीच नवऱ्याला बजावलं होतं. त्याने हसण्यावारी नेलं. त्याचं काय जातंय!

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, छत्तीस वर्षं एकाच मायक्रोस्कोपवर बसतात. चष्मा कपाळावर, शेजारी गार झालेला चहा. मशीन रक्त मोजून देतं, तरी तापाच्या प्रत्येक रुग्णाच्या स्लाइडवर त्या शंभर पांढऱ्या पेशी डोळ्यांनी मोजणारच. मी पन्नास मोजायचे आणि आकडा दुप्पट करायचे. कुणाचं काही अडलं नव्हतं.

त्या दुपारी हॉस्पिटलचे कोट धुणारे लॉन्ड्रीवाले काका तापाने फणफणत आले. मशीनचा आकडा ठीक, माझ्या पन्नास पेशीही ठीक. मी रिपोर्टवर सही केली, डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या लिहिल्या, काका घरी निघाले.

तेवढ्यात आईंनी त्यांची स्लाइड उचलली.

"झालीय ती," मी म्हटलं.

"किती मोजल्यास?"

"शंभर."

धडधडीत खोटं बोलले.

तरी त्या बसल्याच. बोटाखाली पेशी मोजायचा काउंटर टिकटिकू लागला. मला राग आला. चारचौघांत माझी परीक्षा कशाला? साठ, सत्तर, नव्वद. मग टिकटिक थांबली.

"इकडे ये."

त्र्याण्णवावी पेशी. तिच्या पोटात जोडीजोडीने गडद निळे ठिपके. गिळलेले जंतू. रक्तात ते असे दिसणं म्हणजे माणूस हातचा जायची वेळ.

"या पेशी जंतूंना गिळून पोटातच मारतात," आई हलक्या आवाजात म्हणाल्या. "काही तर मरता मरता आपल्याच आतल्या धाग्यांचं जाळं फेकून त्यांना अडकवतात. पण आता त्या पुऱ्या पडत नाहीयेत. पळ!"

काका बसथांब्यावर खांबाला टेकून उभे होते, ओठ निळसर. बस आलीच होती.

"अगं, गोळ्या घेतल्यात मी," ते पुटपुटले आणि पायरीवर पाय ठेवला.

मी त्यांची बाहीच धरली. "रिपोर्ट चुकलाय, काका. परत चला."

तासाभरात शिरेतून औषध सुरू झालं. दहा दिवस ते अतिदक्षता विभागात होते. नव्या रिपोर्टवर आईंनी मलाच सही करायला लावली, आणि पुढे घरीदारी चकार शब्द काढला नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

महिन्याने काका कडक इस्त्रीचे कोट घेऊन आले. माझ्यापुढे हात जोडले.

"ताई, तुम्ही नीट बघितलंत म्हणून वाचलो."

आईंनी मान वर केली नाही. काउंटर टिकटिकत होता. एकाहत्तर, बाहत्तर.

"काका, मी पन्नासच मोजल्या होत्या," मी म्हटलं. "तुम्हाला यांनी वाचवलं."

टिकटिक थांबली. आईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीवरून उठल्या.

"बस," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस राहिल्यात."