देव्हाऱ्यातलं नाणं

हेमराज पराते आणि मी नागपूरहून मौद्याला एकाच बसने नोकरीला जातो. बाकीचे प्रवासी डुलक्या काढतात. माझ्या नशिबी ते सुख नाही, कारण शेजारी बसलेला हेमराज बायझंटाइन साम्राज्यावर बोलत असतो. बाप उमरेडला मागावर लुगडी विणायचा आणि लेक हजार वर्षांपूर्वीची काशाची ख्रिस्ती नाणी जमवतो.

त्याचं सर्वांत लाडकं नाणं त्याने मला दाखवलं होतं. काळपट हिरवं, एका बाजूला दाढीवाला येशू, डोक्यामागे क्रूस. ज्या राजाने ते पाडलं त्याने स्वतःचं नाव कुठेच घातलं नाही, नुसता देव ठेवला. हेमराज त्यावरच भाळला होता.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या तोंडावर त्याने ते नाणं, माती सुटावी म्हणून, वाटीत पाण्यात ठेवलं आणि ड्युटीवर आला. घरी आई, जनाबाई. उमरेडचं घर सोडताना त्यांच्या कुळदेवाचा टाक, म्हणजे पूजेतला धातूचा देव, हरवला होता. तेव्हापासून म्हातारीच्या जिवाला चैन नव्हतं. वाटीत तिला दाढीवाला देव दिसला. लेकाने न सांगता शोधून आणला, असंच तिने धरलं. चिंच आणि राख लावून लखलखीत घासला, हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात बसवला.

त्याच दिवशी, दवाखान्यात ठेवलेल्या हेमराजच्या मुलीचा, ऋतुजाचा, डेंग्यूचा ताप उतरला. तो घरी पोचला तर आईने हातावर पेढा ठेवला. देव घरी आला आणि पोर वाचली, म्हणाली. हेमराजने पेढा खाल्ला. खरं सांगावं तर आईला वाटणार, पोरीच्या डोक्यावरचं छत्रच काढून घेतलं. तो गप्प बसला तो बसलाच.

आणि नाणं रोज घासलं जाऊ लागलं. आधी क्रूस गेला, मग दाढी. मला त्याची कीव यायची आणि रागही. शेवटी मीच सुचवलं, इतवारीतल्या तांबटाकडून तसंच दुसरं करून घे आणि बदलून टाक. जनाबाईंना मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हतं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. हेमराजने तसं करून नवं नाणं देव्हाऱ्यात ठेवलं. तिने नव्या देवावर एकदा अंगठा फिरवला.

"हा आपला देव नाही गा. याचं नाक शाबूत आहे. आपल्या देवाचं माह्याच हातानं झिजलं."

हेमराजने खिशातून खरं नाणं काढून दिलं. हे बसमध्ये ऐकून मला हसू फुटलं, पण त्याचं तोंड पाहून गिळलं.

आता जनाबाईंचे हात कापतात, म्हणून पूजा हेमराजकडे आली आहे. जो माणूस ठसा झिजू नये म्हणून नाण्याला कडेनेच धरायचा, तो आता स्वतः चिंच लावतो. आई शेजारी पाटावर बसून घासण्याचा आवाज ऐकते. हात जरा हलका पडला की टोकते.

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा पूजा चालली होती. त्याच्या तळहातावर नुसती गुळगुळीत चकती होती, ना नाक ना डोळे.

"देवाचे डोये दिसते का गा?" जनाबाईंनी विचारलं.

हेमराजने माझ्याकडे पाहिलं. "दिसते, माय."

"मंग घास अजून. साफ दिसू दे."

त्याने चिंच उचलली आणि घासायला लागला.